अभ्यासिकेतला नाच : पहिल्यांदा म्युझिकल बसवताना

आमच्या नाटकाचा शुभारंभ १२ जानेवारी २०२५ ला झाला आणि माझ्या मानधनाचा शेवटचा हप्ता मार्चअखेर खात्यात आला. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

मी कथक करते आणि शिकवते. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमांसाठी समूहरचना बरीच वर्षं बसवतेय. पण बोलणारी, भांडणारी, गाता गाता नाचणारी पात्रं असलेलं दोन अंकी नाटक हाती घेतलं ते पहिल्यांदाच. काम घेतल्यावर शोधाशोध केली, तर मराठीत याबद्दल सविस्तर लिहिलेलं फारसं हाती लागलं नाही. जे मिळालं ते सगळं ‘प्रवास खूप सुंदर होता’ छापाचं. प्रवास सुंदर होता की नाही ते जाऊ द्या, कुणाला किती पैसे विचारायचे आणि माइकची पेटी कमरेला असताना लोळण घेता येते का, हे मला हवं होतं. नाटकाचं नाव मुद्दाम देत नाही. जाहिरात वाटायला नको, शिवाय एक-दोन तक्रारीही आहेत.

जुलै २०२४ मध्ये दिग्दर्शकाचा फोन आला. कॉलेजात असताना फिरोदिया करंडक ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा गाजवलेल्या पिढीतला मुलगा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. म्हणाला, “ताई, मला नाच नकोय, पण नृत्यदिग्दर्शक हवाय.” मी गप्प. मग त्याने गोष्ट सांगितली. नवी पेठेतली एक अभ्यासिका. स्पर्धा परीक्षा देणारी दहा-बारा मुलंमुली, एक अभ्यासिकावाले काका, बाहेर एक मेस. जिथे पेनाचं टोपण पडलं तरी चार माना वळतात, अशा जागेवर म्युझिकल. तिथेच मी होकार दिला असणार, तोंडाने मात्र “संहिता पाठव, वाचून सांगते” एवढंच म्हटलं.

पहिली भेट २५ जुलैची ठरली होती. पुणेकरांना तो गुरुवार आठवत असेल, सिंहगड रस्त्यावर घराघरांत पाणी शिरलं होतं. भेट पुढे गेली ती रविवारी झाली. जाताना मी प्रश्न लिहून नेले होते आणि हे तुम्हीही करा. गायन थेट आहे की रेकॉर्ड केलेलं? साथ थेट आहे की ट्रॅकवर? माइक किती? कलाकार किती आणि त्यांतले नाचलेले किती? तालमीची जागा कुठे, फरशी कसली? ट्रॅक पक्के कधी होणार? यांतल्या निम्म्या प्रश्नांना “बघू” असं उत्तर मिळालं. तरी विचारलेलं बरं, कारण नंतर जे जे अडलं ते याच ‘बघू’वाल्या प्रश्नांपाशी अडलं.

मिळालेली उत्तरं अशी : चौदा कलाकार, पैकी तीन नृत्य शिकलेले. गायन थेट, साथ ट्रॅकवर. काका झालेले नट साठी ओलांडलेले, दोन्ही गुडघ्यांची तक्रार. एक मुलगी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. तालीम संध्याकाळी साडेसात ते साडेदहा, कारण सगळे नोकरदार.

आता पैशांचं. आपल्याकडे नाचणारी माणसं या विषयावर लाजतात, म्हणून स्पष्ट लिहिते. मी एकूण साठ हजार सांगितले आणि साठच ठरले, वीस-वीसचे तीन हप्ते : करार झाल्यावर, रंगीत तालमीला आणि शुभारंभानंतर पंधरा दिवसांत. दुसऱ्या प्रयोगापासून दर प्रयोगाला दीड हजार. नटांना नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळते, दिग्दर्शकालाही प्रयोगागणिक काही मिळतं, मग नृत्यदिग्दर्शकाने एकरकमी घेऊन बाजूला का व्हायचं? मदतनीस म्हणून माझी एक विद्यार्थिनी होती. तिचं मानधन वेगळं धरा असं मी सांगितलं, ते मान्य झालं नाही, शेवटी माझ्यातूनच दिलं. दर हप्त्यातून १० टक्के टीडीएस कापला जाणार हेही आधीच विचारून घ्या, म्हणजे वीसऐवजी अठरा हजार आले की धक्का बसत नाही.

करार दोन पानांचा होता, साध्या मराठीत. एका वकील मैत्रिणीने वाचून दोन ओळी घालायला लावल्या. एक, जाहिरात, पोस्टर आणि तिकीट विक्रीच्या पानावर नृत्यदिग्दर्शनाचं श्रेय. दोन, नाटक दुसऱ्या संचात किंवा दुसऱ्या भाषेत केलं तर रचना माझ्या परवानगीने वापरायची. तिच्याकडूनच कळलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाट्यकृतीच्या व्याख्येत नृत्यरचनाही येते, पण ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीने नोंदवलेली असावी लागते. नुसती आपल्या अंगात असून भागत नाही. त्या दिवशी मी लक्ष्मी रस्त्यावरून दोनशे पानी आडवी वही घेतली. पुढे तिचा फार उपयोग झाला, ते येईलच.

ऑगस्टमध्ये मी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत महिनाभराची जागा घेतली. बाराशे रुपये, वायफाय आणि गार पाणी धरून. समोर एक जुना चालू घडामोडींचा अंक उघडून ठेवायचा आणि बघत बसायचं. नाटकाचा बराचसा नाच मला तिथे मिळाला. टेबलाखाली चप्पल काढून एका पावलाने दुसऱ्या पावलाचा घोटा खाजवणं. बोटांवर पेन फिरवणं, आणि ते पडेल म्हणून आधीच दुसरा हात खाली धरणं. गुडघा सतत हलवणारे असतात, तो गुडघा शेजाऱ्याच्या खुर्चीला कंप देतो आणि शेजारी मान न वळवता नुसती खुर्ची दोन बोटं सरकवतो. दुपारी तीनच्या सुमारास कपाळ थेट पुस्तकावर टेकवून झोपणारी रांगच्या रांग. उठून मेसला जाताना खुर्चीवर सॅक ठेवून जायची, आणि सॅकवर वही, वहीवर चष्म्याचं घर. प्रत्येकाचा थर वेगळा. त्याच महिन्यात शास्त्री रस्त्यावर विद्यार्थ्यांचं आंदोलन झालं आणि २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे गेली. त्या रात्री अभ्यासिका रिकामी होती, फक्त सॅक बसलेल्या. हे दृश्य पहिल्या अंकाच्या शेवटी जसंच्या तसं आलंय.

तालीम गणपतीनंतर सुरू झाली. २०२४ ला गणपती ७ ते १७ सप्टेंबर होते आणि आमचे पाच जण ढोलपथकात. त्यांना आधी बोलावण्यात अर्थच नव्हता. रविवार, २२ सप्टेंबरला सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये नारळ फुटला. हॉलचं भाडं तासाला तीनशे, फरशी शहाबादी, पंखे दोन. शहाबादी फरशीवर उडी मारायला लावायची नाही, हा माझा पहिला नियम. दुसरा, गुडघ्यांना पॅड घातल्याशिवाय गुडघ्यावर बसायचं नाही. तेव्हा साडेतीनशेला जोड मिळाला. निर्मात्याने सहा जोड दिले, बाकीच्यांनी स्वतःचे घेतले. पुन्हा कधी म्युझिकल केलं तर पॅडचं करारातच लिहीन.

पहिल्याच आठवड्यात मोजण्यावरून गाडी अडली. मी बोलते मात्रा. नृत्य शिकलेल्या तिघांपैकी दोघं बॉलिवुड क्लासमधली, ती मोजतात पाच-सहा-सात-आठ. संगीतकार संगणकावर काम करणारा, त्याच्या तोंडी बार आणि बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके. आणि नटांना यातलं काहीच नको असतं, त्यांना विचारायचं असतं, “मी कुठल्या शब्दावर वळू?” केहरवा आठाचा असल्याने तिथे सगळ्यांचं जमून जायचं. पण मेसचं गाणं सातात होतं, रूपकाच्या अंगाचं. तिथे आठवाले एकेक मात्रा मागे पडून एकमेकांवर आदळायला लागले.

शेवटी मी आपल्या क्लासमध्ये करतो तेच केलं. मोजणं बंद, पढंत सुरू, म्हणजे नाचाचे बोल टाळी देत तोंडाने म्हणणं. बोलांऐवजी गाण्याचेच शब्द टाळी देत म्हणायचे, सूर न लावता. “पो-ळी-वर-पो-ळी” असं सगळ्यांनी गोल बसून दहा दहा मिनिटं म्हटलं. टाळी कुठे पडते ते अंगात भिनलं की मग उभं राहायचं. गाणाऱ्या नटाला डोक्यात आकडे ठेवता येत नाहीत, कारण त्याच जागेत त्याचे शब्द असतात. हे एकदा ध्यानात आल्यावर मी वहीत आकडे लिहिणं सोडलं आणि प्रत्येक हालचाल अक्षराखाली लिहायला लागले.

श्वास हा याहून मोठा प्रश्न. कथकमध्ये चक्करं घेताना मला कुणी गायला सांगत नाही. गाणारे बाजूला बसलेले असतात. आपल्या जुन्या संगीत नाटकातही पद सुरू झालं की गायक नट एका जागी उभा राहायचा, आणि गाणं सोडून काही करावं अशी कुणाची अपेक्षा नसायची. इथे मात्र मुलगी टेबलावरून उतरते, तीन खुर्च्या ओलांडते आणि लगेच तार षड्जावर थांबून ओळ धरते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती ते करू शकत नव्हती. ट्रॅक १३२ च्या लयीत होता. मी १२० मागितली. संगीतकारदादा म्हणाले, “चालीतली मजा जाते.” तेही खरं होतं. दिग्दर्शकाने आम्हा दोघांना आणि गायन शिकवणाऱ्या ताईंना एका टेबलाशी बसवलं आणि आम्ही वहीचं पान तीन रकान्यांत आखलं : वर शब्द, मध्ये श्वासाच्या जागा, खाली हालचाल. श्वासाच्या रकान्यात जिथे फुली असेल तिथे खाली काहीही मोठं ठेवायचं नाही. तीन खुर्च्या ओलांडणं ओळीच्या आधीच्या म्युझिक पीसमध्ये गेलं, ताराच्या ओळीला ती उभी, आणि तिच्याभोवती जे हलायचं ते न गाणाऱ्यांनी. लय १२६ वर मिटली. स्टुडिओचा जादा तासांचा खर्च निर्मात्याने कुरकुरत दिला.

घरी करून बघण्यासारखं : जिना जरा जोरात चढून वर पोचल्याबरोबर गाण्याची ओळ म्हणायला लावा. ओळ तुटते तिथे फुली. आमच्या बहुतेक फुल्या शाळेच्या जिन्यावर ठरल्या.

सगळ्यात जास्त वेळ मात्र नाचाला लागला नाही. नाच सुरू कसा होतो, याला लागला. कथकच्या मंचावर मी येते तीच नर्तकी म्हणून येते. आमद, म्हणजे प्रवेशाची रचना, घेऊन येते, मी का नाचतेय असं कुणी विचारत नाही. नाटकात मुलगी खुर्चीत बसलीय, हातात मोबाइल, निकालाची पीडीएफ उघडलीय आणि ती आपला नंबर शोधतेय. नंबर नाही. पुढच्या वाक्याला गाणं आहे. ती खुर्चीतून उठणार कशी? मी हात वर नेऊन बघितला, खोटं वाटलं. वळून उठवलं, तरी खोटं. दिग्दर्शक मागून म्हणायचा, “ताई, ती उठतेय, तिला कुणी उठवत नाहीये.” एक अख्खी तालीम या एका उठण्यावर गेली, बाकीचे तेरा जण वडापाव खात बसले होते. सापडलं ते असं : तिच्या सॅकचा पट्टा खुर्चीच्या पायात अडकलेला. तिला नुसतं निघून जायचंय, पण पट्टा सुटत नाही. ती ओढते, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा खुर्चीच फरफटते, आणि त्या फरफटीच्या आवाजावर ट्रॅक सुरू होतो. त्यानंतरची दीड मिनिटं मला एका संध्याकाळी सुचली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक गाण्याच्या आधीचे दहा-बारा संवाद स्वतः पाठ केले. नृत्यदिग्दर्शकाला फक्त गाण्यांचे ट्रॅक पाठवायची आपल्याकडे पद्धत आहे. पूर्ण संहिता मागा, आणि नाचाची तालीम गाण्याच्या दोन पानं आधीपासून घ्या.

काकांसाठी मी जवळजवळ काही बसवलं नाही. त्यांना वाकता येत नव्हतं, वळायला वेळ लागायचा. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. शेवटच्या गाण्यात ते एका जागी उभे राहून एकेक बटण बंद करतात, प्रत्येक खटक्याला एक ओळ अंधारात जाते आणि बाकीचे त्या उरलेल्या उजेडात सरकत राहतात. तालमीत त्यांनी पहिल्याच दिवशी बटणं नेमकी समेवर बंद केली. मी बघत राहिले तर म्हणाले, “अगं, पंचवीस वर्षं पोस्टात शिक्के मारलेत.”

नेपथ्याला पैसा कमी होता. भिंती नाहीत, फक्त खुर्च्या आणि चार टेबलं. दिग्दर्शकाने पहिल्याच बैठकीत ‘घाशीराम कोतवाल’चं नाव काढलं. १६ डिसेंबर १९७२ ला आपल्या भरत नाट्य मंदिरातच पहिला प्रयोग झालेल्या त्या नाटकात बाराजणांची रांगच पडदा व्हायची, भिंत व्हायची, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. पुण्यात समूहाला हलवायचं म्हटलं की हे नाव निघतंच, आणि निघालं की पोटात गोळा येतो. मी ठरवलं, आमची माणसं भिंत होणार नाहीत, खुर्च्या होतील. म्हणजे खुर्च्याच नाचतील.

मग खुर्च्या आणायच्या कुठल्या? प्लॅस्टिकच्या हलक्या, पण उभं राहिलं की पाय फाकतात. मांडववाल्याकडच्या घडीच्या लोखंडी खुर्च्यांत बोटं चेमटतात. लाकडी मजबूत, पण दीड तास उचलून मुलींचे खांदे भरून आले. शेवटी नळीच्या लोखंडी, फळी बसवलेल्या सोळा खुर्च्या जुन्या बाजारातून घेतल्या, एकीला साडेचारशे. आवाज मरणाचा. शहाबादीवर एक खुर्ची सरकली की माइकवर बुलडोझर चालल्यासारखं. रविवार पेठेत बोहरी आळीत नळीच्या मापाची रबरी बुचं मिळाली, पाच रुपयाला एक, चौसष्ट लागली आणि झिजतात म्हणून दुप्पट घेतली. फक्त निकालाच्या प्रसंगातल्या त्या एका खुर्चीला बुचं नाहीत. तिच्या पाठीला खालून लाल टेप लावलीय. बॅकस्टेजच्या मुलाला दर प्रयोगाआधी ती नेमक्या जागी ठेवणं हे एकच काम मी वेगळं सांगून ठेवलंय.

दिवाळीनंतर वेळापत्रक विस्कटलं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. आमच्या शिक्षिकेला निवडणुकीची ड्युटी लागली, आधी प्रशिक्षणं, मग साहित्य घेणं, मग मतदान. आमचा शाळेचा हॉलही त्या दिवसांत मिळेना. आम्ही एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये तालीम घेतली. तिथल्या आजोबांनी तीन दिवस तक्रार केली आणि चौथ्या दिवशी खुर्ची टाकून बघायला बसले. शिक्षिकेची जागा माझ्या मदतनीस मुलीने वहीवरून धरली. वहीत नीट लिहिलेलं असेल तर ऐनवेळी माणूस बदलता येतो. व्हिडिओवरून शिकलेला माणूस उजव्याडाव्यात हमखास गोंधळतो, शिवाय व्हिडिओत श्वास दिसत नाही.

कागदपत्रांचं काम निर्मात्याचं असतं, पण त्यातलं एक आपल्यापर्यंत पोचतं. तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. गाण्यांचे शब्द हा संहितेचाच भाग. आमची संहिता ऑक्टोबरमध्ये गेली. नंतर मेसच्या गाण्यातलं एक कडवं मला नाचासाठी दोनदा हवं होतं आणि एक नवं लिहून हवं होतं. दोनदा घ्यायला कुणाची ना नव्हती. नवं कडवं मात्र गळालं, कारण पुन्हा कागद पाठवून वाट बघण्याइतके दिवस उरले नव्हते. प्रमाणपत्र डिसेंबरात आलं तेव्हा निर्मात्याने पेढे वाटले. तेव्हा शब्दांत जे बदल हवेत ते संहिता जायच्या आत मागा. आणखी एक : मेसच्या रेडिओवर जुनं सिनेगीत वाजावं अशी दिग्दर्शकाची फार इच्छा होती. त्यासाठी परवाना काढावा लागतो, पैसे भरावे लागतात. संगीतकारदादांनी जुन्या वळणाची चाल स्वतःच बांधून दिली, तो विषय तिथे संपला.

डिसेंबरच्या मध्यावर माइकचं कळलं. डोक्याला लावायचे बिनतारी माइक आठच मिळणार, एकाचं एका प्रयोगाचं भाडं बाराशे. गाणारे बारा. म्हणजे चौघांचा आवाज दुसऱ्यांच्या माइकमधून जायचा. मी रंगीत तालमीच्या तीन आठवडे आधी चार गाण्यांच्या जागा नव्याने बांधल्या : बिनमाइकचा माणूस ओळ घेताना माइकवाल्याच्या हातभर अंतरात हवा. गंमत म्हणजे दोन ठिकाणी रचना आधीपेक्षा बरी झाली, कारण माणसं एकमेकांजवळ आली. पण त्यासाठी डिसेंबर उजाडायला नको होता. आणि हो, लोळणीचं उत्तर : पेटी कमरेला मागे लावली तर लोळता येत नाही, कुशीला लावली तर एकाच बाजूने येतं. वेशभूषावालीला सांगून कुशीला आतून खिसा शिवून घ्या. घामाने माइक बंद पडतो, म्हणून कपाळाला पट्टी. घुंगरू पूर्ण नाटकात कुठेच नाहीत. मला स्वतःला ते जड गेलं, पण आठ उघड्या माइकांपुढे घुंगरू म्हणजे शब्दांचा निकालच.

९ जानेवारीला कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात रंगीत तालीम. एकाच सत्रात नेपथ्य लावणं, प्रकाश, ध्वनी, नाटक, आणि वेळ संपली की रिकामं करणं. मी आधी एक प्रयोग बघायला जाऊन मध्यंतरात रंगमंच टेपने मोजून आले होते, विंगा सोडून मोकळी राहणारी जागा धरून, आणि तेवढा चौकोन शाळेच्या हॉलमध्ये आखून घेतला होता. त्यामुळे मापाचा घोळ झाला नाही. घोळ झाला उजेडाचा. प्रकाशयोजनाकाराने बाजूचे दिवे छातीच्या उंचीला लावले होते आणि आमचा निम्मा नाच टेबलाखालच्या पावलांत. दोन दिवे खाली, पिंडरीच्या उंचीला आणायला सांगितले. तो म्हणाला, “मॅडम, विंगेतून पळणारे अडखळतील.” बरोबर होतं. मग त्या दोन विंगांतून प्रवेशच काढून टाकले. खुर्च्यांच्या जागांना रेडियम टेपचे तुकडे लावले, एकशे ऐंशीचं एक रीळ पुरलं. काळोखात चमकणारी टेप पहिल्या रांगेतूनही दिसते, म्हणून तुकडा नखाएवढाच लावायचा.

तालमीच्या शेवटी दुसरा हप्ता मागितला. तो त्याच रात्री मिळाला.

शुभारंभाचा प्रयोग रविवारी दुपारी साडेबाराचा. तिसरी घंटा झाल्यावर नृत्यदिग्दर्शकाला काहीही काम नसतं. ही फार वाईट अवस्था आहे. क्लासच्या कार्यक्रमात मी विंगेतून डोळ्यांनी तरी ताल देते. इथे दिग्दर्शकाने सांगून ठेवलं होतं की विंगेत दिसायचं नाही. मी शेवटच्या रांगेमागे उभी राहून वहीत जिथे जिथे चुकलं तिथे नुसत्या खुणा करत होते. मेसच्या गाण्यात सातातली एक टाळी सरकली, दोघींनी सावरली. निकालाची खुर्ची फरफटली तेव्हा सभागृहात कुणीतरी दचकून “अरे!” म्हणालं.

आणि मग वन्स मोअर आला. मेसचं गाणं संपलं आणि पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेतून खणखणीत “वन्स मोअर!” आणखी चार आवाज त्यात मिसळले. पुण्यात संगीत नाटकं बघत वाढलेल्या प्रेक्षकाचा तो हक्कच आहे, त्याला कसं सांगायचं की वर पोरांच्या छातीचा भाता झालाय आणि ट्रॅकवाल्याचं बोट पुढच्या क्यूवर आहे? याची चर्चा आम्ही आधी केली होती, पण गमतीत. काका त्या वेळी रंगमंचावर होते. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला आणि अभ्यासिकावाल्या आवाजात म्हणाले, “शांतता राखा!” टाळ्या पडल्या, हशा झाला, आणि त्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांचा श्वास जागेवर आला. पुढच्या प्रयोगापासून ते वाक्य कायम आहे. वन्स मोअर आला नाही तरी काका ते घेतात.

त्यानंतर फेब्रुवारीत एक आणि मार्चमध्ये एक प्रयोग झाला. दर प्रयोगाआधी दोन तासांची नाचाची उजळणी घ्यायची, हे करारात नव्हतं, तोंडी ठरलं. मला वाटतं लिहूनच घ्यायला हवं, कारण नट मंडळी दहा दिवसांत संवाद विसरत नाहीत, पण उजवा पाय विसरतात. शिक्षिकेची बदली होतेय, तिच्या जागी नवी मुलगी आलीय. तिला वहीची पानं झेरॉक्स करून दिली आणि पहिल्यांदा गोल बसून टाळीवर शब्द म्हणायला लावले.

तिसरा हप्ता जानेवारीअखेर यायला हवा होता. दर सोमवारी एक नम्र मेसेज, कराराच्या त्या पानाचा फोटो जोडून, एवढंच करत राहिले. भांडण नाही, फोनवर चढा आवाज नाही. मार्चअखेर आला. फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, पहिल्या हप्त्याचा मिळालाय. शेवटच्या तिमाहीचा टीडीएस प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक उताऱ्यात, म्हणजे तेव्हाच्या २६एएसमध्ये, दिसायला मेअखेर-जून उजाडतो, तेव्हा विवरणपत्र भरायची घाई करू नका, आधी आकडा जुळतोय का बघा. माझे सहा हजार आहेत, सोडणार नाही.